शिष्यवृत्ती की नोकरी? परदेशातील भारतीय संशोधकाच्या आजारपणाचा शंभर वर्षांचा हिशेब

२७ मार्च १९१९ रोजी ‘नागोया’ ही आगबोट मुंबई बंदराला लागली. तिच्यातून श्रीनिवास रामानुजन मायदेशी परतले. वय अवघे ३१. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप हे दोन्ही मान त्यांना आदल्या वर्षीच मिळाले होते. देह मात्र पार खंगलेला होता. जेमतेम वर्षभराने, २६ एप्रिल १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

रामानुजन यांच्या गणितावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आजाराचे निदान काय होते यावरही अभ्यासकांनी वाद घातले आहेत. त्या काळी क्षय मानला गेलेला तो आजार बहुधा यकृतातील अमिबाजन्य विकार असावा, असे मत डी. ए. बी. यंग या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडले. पण आणखी एक साधा प्रश्न आहे आणि तो आजही परदेशी निघालेल्या प्रत्येक संशोधकाला लागू पडतो. १९१७ ते १९१९ या दोन वर्षांत, घरापासून हजारो मैल दूर अंथरुणाला खिळलेल्या या माणसाच्या औषधपाण्याची जबाबदारी कायद्याने नेमकी कोणावर होती?

या प्रश्नाचे उत्तर ‘कोणावरही नाही’ असे आहे. त्याचे कारण समजून घेतले, की संशोधकांच्या सामाजिक सुरक्षेचा पुढचा सारा इतिहास उलगडू लागतो.

रामानुजन १९१४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडला पोहोचले, ते मद्रास विद्यापीठाच्या वार्षिक २५० पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ट्रिनिटी कॉलेजकडून त्यांना वर्षाला आणखी ६० पौंड मिळत. यातील काही रक्कम भारतातील कुटुंबाकडे वळती होत असे. विद्यार्थ्याच्या मानाने ही मिळकत बरी होती. परंतु ती वेतन नव्हती. १९१७ च्या वसंतात प्रकृती ढासळली आणि केंब्रिजमधले शुश्रूषागृह, मेंडिप टेकड्यांमधले आरोग्यधाम, डर्बीशायरमधले मॅटलॉक, लंडन, पटनी अशी त्यांची फिरती सुरू झाली. महायुद्धामुळे अन्नधान्याची टंचाई होती आणि कट्टर शाकाहारी रुग्णाला साजेसे जेवण मिळणे दुरापास्त झाले होते. प्रा. हार्डी आणि इतर स्नेह्यांनी धावपळ करून उपचारांची व्यवस्था लावली. ती सारी माणुसकी होती. तिच्यामागे कोणताही हक्क उभा नव्हता.

हक्क देणारा कायदा मात्र त्याच देशात, त्याच वर्षांत अमलात होता. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ब्रिटनमधील कामगारांना आजारविमा दिला होता. पुरुष कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३ पेन्स आणि सरकारने २ पेन्स घालायचे. त्या बदल्यात डॉक्टरची सेवा, आजारपणात आठवड्याला १० शिलिंग भत्ता आणि क्षय झाल्यास आरोग्यधामातील उपचार मिळत. म्हणजे रामानुजन यांना ज्या आजाराचे रुग्ण मानून आरोग्यधामात ठेवले गेले, नेमक्या त्याच आजारासाठी कायद्यात वेगळी तरतूद होती. पण ती ‘नोकरीत असलेल्या’ विमाधारकासाठी. शारीरिक श्रमाव्यतिरिक्त अन्य काम करणाऱ्यांसाठी तर वार्षिक १६० पौंडांची उत्पन्नमर्यादाही होती. त्याहून अधिक मिळवणारा आपली सोय आपण पाहील, असे गृहीत धरलेले होते. मँचेस्टरचा सूतगिरणी कामगार या छत्राखाली येत होता. केंब्रिजमधला शिष्यवृत्तीधारक गणिती येत नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रामानुजन ब्रिटिश प्रजाजन होते. त्यांच्या आड परकेपणा आला नाही. कायद्याने केलेली वर्गवारी आली. ते मालकाचे नोकर नव्हते आणि सरकारचे सेवकही नव्हते. ते केवळ संशोधन करीत होते, आणि कायद्याच्या लेखी तो रोजगार नव्हता.

पुढे पैसा आला तो सन्मानाच्या वाटेने. ऑक्टोबर १९१८ मध्ये ट्रिनिटीने सहा वर्षांसाठी वार्षिक २५० पौंडांची फेलोशिप दिली. मद्रास विद्यापीठानेही एप्रिल १९१९ पासून पाच वर्षांसाठी तेवढीच रक्कम मंजूर केली. त्यावर रामानुजन यांनी ११ जानेवारी १९१९ रोजी विद्यापीठाच्या निबंधकांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा अधिक असल्याचे नमूद करून, आईवडिलांसाठी वर्षाला ५० पौंड आणि आवश्यक खर्च वगळता उरणारा पैसा गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांनी सुचवले होते. पण फेलोशिप ही व्यक्तीला असते आणि व्यक्तीबरोबरच संपते. त्यांच्या मागे पत्नी जानकी अम्मल यांच्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतनाचा कोणताही नियम नव्हता. त्या काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या आणि १९३१ मध्ये मद्रासला परतल्या. विद्यापीठाचे महिना २० रुपयांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि शिवणकामाची मिळकत, यांवर त्यांनी दीर्घ आयुष्य कंठले.

ही वर्गवारी आली कोठून? तिचे मूळ जर्मनीत आहे. बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ मध्ये आजारविमा, १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्व विमा, असे तीन कायदे झाले. सामाजिक सुरक्षा म्हणजे दयाधर्म नसून कामगाराने आणि मालकाने वर्गणी भरून मिळवलेला हक्क आहे, हा विचार त्यातून रुजला. विचार मोठा होता. पण त्याचा सारा डोलारा वेतनावर उभा होता. वेतन आहे तर वर्गणी आहे आणि वर्गणी आहे तर हक्क आहे. ज्याला वेतनच नाही, त्याच्यासाठी या साखळीत पहिली कडीच नव्हती.

कामगार सीमा ओलांडू लागले तेव्हा ही साखळी देशांदेशांत जोडली गेली. १९०४ मध्ये फ्रान्स आणि इटली यांनी एकमेकांच्या कामगारांच्या सुरक्षेसाठी करार केला. या प्रकारच्या द्विपक्षीय करारांचा तो आरंभ मानला जातो. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामावरील अपघाताच्या भरपाईत परदेशी कामगाराला समान वागणूक देण्याचा संकेत संमत केला आणि भारताने १९२७ मध्ये त्याला मान्यता दिली. १९६२ च्या संकेताने हे तत्त्व सामाजिक सुरक्षेच्या अन्य शाखांपर्यंत नेले. त्यालाही भारताने १९६४ मध्ये मान्यता दिली. खाणकामगार, खलाशी, गिरणी कामगार यांच्यासाठी हे मोठे पाऊल होते. मात्र प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर काम करणारा परदेशी तरुण या दस्तऐवजांत कामगार म्हणून ओळखलाच जात नव्हता.

त्याची स्थिती किती अधांतरी असे, याचे उदाहरण हरगोविंद खुराना यांच्या आयुष्यात आहे. १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर झुरिकमध्ये व्लादिमीर प्रेलॉग यांच्याकडे त्यांनी सुमारे वर्षभर संशोधन केले, तेही कोणत्याही शिष्यवृत्तीविना, साठवलेल्या पैशांवर गुजराण करून. त्या वर्षातील शिकवण आपल्या विचारांना वळण देणारी ठरली, असे ते पुढे मानत. त्या वर्षी एखादे मोठे दुखणे आले असते तर? १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या पाठीशी त्या काळात स्वतःच्या तरुण प्रकृतीखेरीज दुसरे काहीच नव्हते.

खुराना इंग्लंड सोडण्याच्या सुमारास तेथे एक वेगळी वाट उघडली होती. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा आधार वेतन नसून वास्तव्य हा होता. देशात राहणारा तो हक्कदार, मग तो कारखान्यात काम करो वा ग्रंथालयात. शिष्यवृत्तीधारकासाठी याहून सोपा नियम असू शकत नाही. पुढील काही दशके ब्रिटनमध्ये शिकलेल्या भारतीय संशोधकांच्या पिढ्यांना आजारपणाच्या खर्चाची धास्ती बाळगावी लागली नाही, ती यामुळे. १९८२ मध्ये परदेशी अभ्यागतांना रुग्णालयीन उपचारांचे शुल्क लागू झाले, तरी दीर्घ अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्यातून वगळले गेले.

मग २०१५ मध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार आला. प्रारंभी तो वर्षाला २०० पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो अनुक्रमे १,०३५ आणि ७७६ पौंड झाला. व्हिसाच्या संपूर्ण मुदतीची रक्कम आगाऊ भरावी लागते. तीन वर्षांच्या नेमणुकीवर जाणाऱ्या संशोधकाचा हा आकडा ३,१०५ पौंडांवर जातो. पगार सुरू झाल्यावर कर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी तो इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे भरतोच. हा अधिभार त्यावरचा आहे. कुटुंब सोबत असेल तर प्रत्येकाचा वेगळा. काही संस्था ही रक्कम परत करतात, काही करत नाहीत; संशोधकाने विचारल्याशिवाय हे कळत नाही.

वेतन आणि शिष्यवृत्ती यांतील भेद सर्वांत ठळकपणे पुढे आला तो मात्र वेतनाधारित सुरक्षेच्या जन्मभूमीतच, जर्मनीत. तेथे पीएचडी करणाऱ्याला दोन प्रकारे पैसे मिळू शकत: रोजगार कराराने किंवा शिष्यवृत्तीने. शिष्यवृत्तीवर कर नाही, वर्गणीची कपात नाही; त्यामुळे हाती येणारी रक्कम पहिल्या महिन्यात आकर्षक वाटते. पण कपात नाही याचाच अर्थ हक्कही नाही. मॅक्स प्लँक सोसायटीच्या संस्थांमध्ये परदेशी संशोधक मोठ्या संख्येने शिष्यवृत्तीवर असत. त्याच खोलीत, त्याच यंत्रावर काम करणारा जर्मन सहकारी बहुधा करारावर असे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या, या संस्थांतील पीएचडी संशोधकांच्या ‘पीएचडी-नेट’ या संघटनेने हा प्रश्न लावून धरला.

तोवर एक खटलाही उभा राहिला होता. बॉनच्या मॅक्स प्लँक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेत २००० ते २००३ या काळात शिष्यवृत्तीवर काम केलेले इटालियन संशोधक आंद्रेआ राक्कानेल्ली यांनी आपल्याला रोजगार करार नाकारला गेला आणि तो राष्ट्रीयत्वामुळे, असा दावा केला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. १७ जुलै २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की संशोधक ‘कामगार’ आहे की नाही हे कराराच्या नावावरून ठरत नाही. तो संस्थेच्या निर्देशाखाली काही काळ काम करतो का आणि त्याचा मोबदला घेतो का, यावरून ठरते. ते तपासण्याचे काम जर्मन न्यायालयावर सोपवले गेले. राष्ट्रीयत्वावरून भेदभाव न करण्याचे बंधन खाजगी स्वरूपाच्या संस्थेवरही आहे, हेही निकालात स्पष्ट झाले. हा हक्क युरोपीय नागरिकांपुरता होता. भारतीय संशोधक त्याच्या आधारे दाद मागू शकत नव्हता. पण न्यायालयाने विचारलेला प्रश्न राष्ट्रीयत्व ओलांडून जाणारा होता: प्रयोगशाळेतले काम हे काम आहे की नाही?

२०१५ मध्ये मॅक्स प्लँक सोसायटीने पीएचडी संशोधकांसाठी शिष्यवृत्तीऐवजी सामाजिक सुरक्षेसह तीन वर्षांचा करार देण्याचे धोरण स्वीकारले. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्हस्का-क्युरी योजनांनीही रोजगार करार हाच सर्वसाधारण नियम ठरवला. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. त्यांतील जे संशोधनाकडे वळतील त्यांच्यासाठी हा बदल कागदापुरता नाही.

करारावरील संशोधक आजारी पडला तर सहा आठवडे मालकाकडून पूर्ण वेतन मिळते आणि त्यानंतर विमा संस्थेकडून आजारभत्ता. संशोधक महिलेला प्रसूतीपूर्वी सहा आणि प्रसूतीनंतर आठ आठवड्यांची संरक्षित रजा असते. ठरावीक काळ वर्गणी भरलेली असेल तर प्रबंध सादर केल्यानंतरच्या बेकारीत भत्त्याचा हक्क असतो. निवृत्तिवेतनाच्या खात्यात महिने जमा होत राहतात. शिष्यवृत्तीधारकाला स्वखर्चाने स्वेच्छा किंवा खाजगी आरोग्यविमा घ्यावा लागतो आणि निवृत्तीच्या हिशेबात त्याची तीन-चार वर्षे कोरी राहतात. तिशीच्या आसपासची ही कोरी वर्षे साठीत जाणवतात.

अमेरिकेत चित्र आणखी निराळे आहे. तेथे सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा नाही. ‘जे-१’ व्हिसावर जाणाऱ्या अभ्यागत संशोधकाने विमा घेतलाच पाहिजे, असा नियम आहे. २०१५ पासून या विम्याची किमान मर्यादा दर आजार वा अपघातामागे १ लाख डॉलर आहे. रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार डॉलरची तरतूद त्यात असावी लागते. नियमाने विमा बंधनकारक केला आहे. त्याचा हप्ता संस्थेने भरावा असे मात्र म्हटलेले नाही. ‘एच-१बी’ व्हिसावरील संशोधकाच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के कपात होते. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र ४० तिमाहींच्या, म्हणजे सुमारे १० वर्षांच्या वर्गणीनंतरच मिळतो. या व्हिसाची सर्वसाधारण कमाल मुदत ६ वर्षे. ती संपवून भारतात परतणाऱ्याची वर्गणी बहुधा तेथेच राहते, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार झालेला नाही.

असे करार भारताने अनेक देशांशी केले आहेत. त्यांचा प्रारंभ नोव्हेंबर २००६ मध्ये बेल्जियमशी झाला. त्यानंतर फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशी यादी वाढत गेली. जर्मनीशी १२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेला व्यापक करार १ मे २०१७ पासून लागू झाला. या करारांचे गाभ्याचे तत्त्व सोपे आहे: दोन्ही देशांत दुहेरी वर्गणी नको, आणि हक्क ठरवताना दोन्हीकडचा सेवाकाळ एकत्र धरावा. जर्मन निवृत्तिवेतनासाठी किमान ६० महिने वर्गणी लागते. तेथे चारच वर्षे काम केलेल्या संशोधकाला भारतातील भविष्य निर्वाह निधी योजनेतला काळ त्यात मिळवून हा उंबरठा ओलांडता येऊ शकतो. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या आग्रहातून पुढे आलेले हे करार संशोधकालाही उपयोगी पडतात. अट एकच, की तो कर्मचारी असावा. शिष्यवृत्तीधारकाजवळ मिळवायला महिनेच नसतात.

भारत सरकारची आणखी एक योजना येथे आठवते. २००३ मध्ये सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना परदेशी जाणाऱ्या कामगारांना १० लाख रुपयांचे अपघात-संरक्षण देते. ती उत्प्रवास तपासणी लागू असलेल्या, म्हणजे प्रामुख्याने कमी शिकलेल्या, कामगारांसाठी आहे. पदवीधर त्या वर्गात मोडत नाही. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेऊ शकतो, हे १९११ च्या ब्रिटिश कायद्यातले गृहीतक येथेही दिसते. संकटात सापडलेल्या नागरिकांसाठी भारतीय दूतावासांकडे २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. पण ती गरज पाहून दिली जाणारी मदत आहे, वर्गणीतून कमावलेला हक्क नव्हे. आणि ही तक्रार केवळ परदेशाविषयी करता येत नाही. भारतातल्या प्रयोगशाळांत शिष्यवृत्तीवर पाच-पाच वर्षे काम करणारा संशोधकही सामान्यतः कर्मचारी मानला जात नाही आणि भविष्य निर्वाह निधीच्या बाहेर राहतो.

गेल्या शतकाने आजारपण आणि वार्धक्य यांना दयेच्या क्षेत्रातून हक्काच्या क्षेत्रात आणले, हे त्याचे मोठे कर्तृत्व. संशोधक या वाटचालीत मागे राहिला, कारण त्याच्या कामाला विद्येची साधना म्हणून गौरवले गेले आणि काम म्हणून मोजले गेले नाही. गौरवातून फेलोशिप मिळते, पदके मिळतात, कधी टपाल तिकीटही निघते. आजारभत्ता आणि निवृत्तिवेतन मात्र नियमातूनच मिळते, आणि नियम लागू होण्यासाठी संशोधन हे काम आहे असे कायद्याने म्हणावे लागते.

परदेशातील नेमणुकीचे पत्र हाती आलेल्या विद्यार्थ्याने म्हणूनच रकमेच्या आधी तीन गोष्टी तपासाव्यात. पत्रात ‘शिष्यवृत्ती’ लिहिले आहे की ‘रोजगार’? आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरणार आणि त्यात कुटुंब, प्रसूती व आधीपासूनचे आजार येतात का? त्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे का? तेथे भरलेल्या प्रत्येक महिन्याच्या वर्गणीची नोंद, विमाक्रमांक आणि पगारपत्रके परतताना सोबत आणावीत. पदवीच्या प्रमाणपत्राइतकीच ती जपण्याजोगी आहेत.